टाकून दिलेले दोन राजे

चोपन्नाव्या वर्षी माणसानं काय शिकावं याचे आपल्याकडे काही ठरलेले नियम आहेत. प्राणायाम शिकावा, फार तर पेटी शिकावी. वेणीमाधव पुराणिकनं पोकर शिकायला घेतला, तोही मोबाइलवर, आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्याच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. वेणीमाधव एका अनुदानित शाळेत मुख्य लिपिक. तीस वर्षं आवक-जावक, हजेरीपट आणि दाखले यांत गेलेली. वडील चातुर्मासात देवळात पोथी सांगायचे. अशा घरात जुगार शिरला म्हणून रुक्मिणीनं, त्याच्या बायकोनं, त्या संध्याकाळी देवापुढं जरा मोठीच वात लावली.

"पैशाचा नाही गं," वेणीमाधव समजावत होता. "पैसे लावायची अ‍ॅपं सरकारनंच बंद केली की. हे फुकटच्या चिप्सचं आहे, खोट्या नाण्यांचं. रोज सकाळी अ‍ॅपच देतं. संपल्या तर संपल्या."

"मग खेळायचं कशाला?"

"मौलासाठी."

मौलाचं नाव निघालं आणि रुक्मिणीनं पुढं काही विचारलं नाही. त्या घरात सव्वा वर्षात ते नाव फार कमी वेळा निघालं होतं, आणि का निघत नाही हे तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मौला शेखचा टेम्पो होता. यंत्रमागावरून उतरलेल्या चादरी गोळा करून गोदामात पोचवायचा. चादरींचा व्यापारी संगप्पा, त्याच्या गोदामात शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, चौघांचा मेंढीकोटचा डाव बसायचा. चादरीच्या गठ्ठ्यांचं टेबल, गठ्ठ्यांच्याच खुर्च्या. एका बाजूनं संगप्पा आणि त्याचे मुनीम बापूसाहेब, दुसऱ्या बाजूनं मौला आणि वेणीमाधव. मेंढीकोट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की यात समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात आणि दश्शा, म्हणजे दहाची पानं, गोळा करायच्या असतात. भिडूचा एक्का पडला, की आपली दश्शी बिनघोर त्याच्यावर टाकायची. ती गेली असं होत नाही. ती घरातच राहिली, नुसती या खिशातून त्या खिशात गेली.

अठ्ठावीस वर्षं दोघे एकमेकांचे भिडू होते. वेणीमाधव पानं हातात कशी धरतो एवढ्यावरून मौला ओळखायचा, की याच्याकडे हुकमाचा एक्का आहे की नुसतीच शोभा आहे. "काय पंडित, पान टाकतो का पंचांग बघतो?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरी एक त्याची रीत होती. डाव सुरू व्हायच्या आधी टपरीवरून चहा आला, की आपल्या भिडूपुढचा कप मौला स्वतःच्या हातानं ठेवायचा. कुणी मध्ये हात घातला तर चालायचं नाही. "हातचा चहा पिला की भिडू दगा देत न्हाय," असं म्हणायचा. हसत म्हणायचा, पण पाळायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, टेम्पोत गठ्ठे चढवतानाच मौला खाली बसला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी जीव वाचवला.

चौथ्या दिवशी वेणीमाधव दवाखान्यात गेला. मौला उशाला टेकून बसला होता, तोंडाचा एक कोपरा खाली उतरलेला. डोळे मात्र तेच होते. वेणीमाधवला ते डोळे सहन झाले नाहीत, म्हणून तो डोळ्यांशी बोललाच नाही. शेजारी उभ्या असलेल्या झीनतकडे, मौलाच्या सुनेकडे वळून त्यानं विचारलं, "याला कळतं का गं काही?"

झीनत म्हणाली, "सगळं कळतं काका."

मौलानं मान भिंतीकडे वळवली. वेणीमाधव आणखी दहा मिनिटं बसला, आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, "आराम कर हं, आराम कर," असं चार वेळा म्हणून निघाला. जिन्यातच त्याला कळलं की आपण काय केलं. पण कळणं वेगळं आणि परत वर जाणं वेगळं. तो परत वर गेला नाही. पुढं महिन्याभरात मौलाचा मुलगा ताबीश बापाला पुण्याला, कोंढव्यात, आपल्या घरी घेऊन गेला. वेणीमाधवनं फोनही केला नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला फोन कसा करायचा, हे कारण त्यानं स्वतःला दिलं, आणि लिपिकाला एकदा कारण सापडलं की फाइल बंद होते. एकदा पुण्याचं तिकीट काढलं होतं. शाळेत तपासणी निघाली म्हणून रद्द केलं. तपासणी बुधवारी होती आणि तिकीट रविवारचं होतं, हे रुक्मिणीनं बोलून दाखवलं नाही एवढंच.

मग गेल्या वर्षी श्रावणात झीनतचा फोन आला.

"काका, अब्बांना अक्षरं वाचता येत नाहीत, बोलता येत नाही, पण पत्ते सगळे कळतात. डॉक्टर म्हणाले, खेळू द्या, डोक्याला चांगलं. ह्यांनी मोबाइलवर पोकर टाकून दिलाय. मेंढीकोटला चौघं लागतात, हे दोघांत होतं. डाव्या अंगठ्यानं खेळतात. काल मी गोदामातला तुमचा चौघांचा फोटो दाखवला, तर तुमच्यावर बोट ठेवलं आणि मोबाइलवर बोट ठेवलं. तीन वेळा. तुम्ही शिकाल का?"

झीनत इतक्या साधेपणानं बोलली की वेणीमाधवला कुठलंच कारण सुचलं नाही. सव्वा वर्ष तोंड लपवून बसलेल्या माणसाला कुणीतरी मागच्या दारानं आत घेत होतं, आणि तेही बोलायची सक्ती न करता. तो म्हणाला, शिकतो की.

शिकवायला घरात मुलगी होती. वैदेही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तिच्या मैत्रिणी हॉस्टेलवर पोकर खेळायच्या. तिनं जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडले. दोन पानं आपल्या हातात, पाच पानं मध्ये सगळ्यांची. सातांतून पाच निवडून जो चांगला संच जमवेल तो जिंकला.

"हुकूम कुठला?" वेणीमाधवनं विचारलं.

"हुकूम नसतो यात."

"मग कापायचं कशानं?"

"कापायचं नसतं बाबा."

"आणि भिडू?"

"भिडू पण नसतो. ज्याचा तो. बहुतेक वेळा पानं उघडतच नाहीत. समोरच्याला वाटायला लावायचं की आपल्याकडे मोठं काहीतरी आहे. तो घाबरला की पानं टाकतो. टाकलेली पानं पालथीच राहतात, काय होतं ते कुणाला कळत नाही. तीच तर गंमत आहे."

वेणीमाधवला ती गंमत काही केल्या कळेना. टाकलेलं पान कुणी बघायचं नाही, हे त्याच्या डोक्यात बसेना. त्यानं शाळेतली एक कोरी वही आणली आणि रकाने आखले: एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, ओळीनं पाच, एका रंगाची पाच, तीन आणि दोन मिळून भरलेलं घर. प्रत्येकापुढं उदाहरण, उदाहरणापुढं शेरा. फोल्ड म्हणजे पानं टाकणे, कॉल म्हणजे बरोबरी करणे, रेज म्हणजे वाढवणे, ऑल-इन म्हणजे आहे नाही ते सगळं पुढं सरकवणे. पंधरा दिवसांत वही भरली. वैदेही आईला म्हणाली, "बाबा पोकर खेळत नाहीयेत, पोकरचं सर्व्हिस बुक भरतायत."

पहिल्या दिवशी साडेपाचला, शाळेतून आल्यावर, त्यानं अ‍ॅप उघडलं. हिरवं टेबल, दोन खुर्च्या. समोरच्या खुर्चीवर मौलाचा जुना फोटो, टेम्पोच्या दाराला टेकून काढलेला. पानं वाटली जायच्या आधी त्याच्या नावापुढं टुणकन काहीतरी येऊन बसलं. चहाचा कप. त्या अ‍ॅपात समोरच्याला फुलं, फटाके, टोमॅटो असलं काय काय पाठवता यायचं, त्यातलाच एक वाफाळता कप मौलानं डाव्या अंगठ्यानं शोधून काढला होता. वेणीमाधव मोबाइल हातात धरून नुसता बघत राहिला. तेवढ्यात वेळ संपली आणि अ‍ॅपनं त्याची पानं आपोआप टाकून दिली.

पहिला महिना म्हणजे नुसती धूळधाण. पंजी असो की सत्ती, वेणीमाधव कशावरही बरोबरी करायचा आणि मौला त्याला रोज साडेसहापर्यंत धुऊन काढायचा. एकदा मात्र काय झालं, वेणीमाधवला वाटलं आपल्याकडे एक जोडी आहे, म्हणून त्यानं भीत भीत सगळ्या चिप्स पुढं केल्या, आणि पानं उघडल्यावर अ‍ॅपनंच सांगितलं की याची एका रंगाची पाच पानं आहेत. त्याला ती दिसलीच नव्हती. मौलाच्या चिप्स सगळ्या इकडे आल्या. दुसऱ्या दिवशी झीनतचा निरोप आला, "काका, अब्बा काल हरले आणि मांडीवर हात मारून मारून हसले. दवाखान्यापासून पहिल्यांदा." वेणीमाधवनं तो निरोप रुक्मिणीला दोनदा वाचून दाखवला. त्या दिवसांत त्याच्या चालण्यात फरक पडला होता. शाळेत पोरांवरसुद्धा ओरडत नव्हता.

तिथंच थांबला असता तर किती बरं झालं असतं. पण वेणीमाधव चिकाटीचा, आणि वही भरणारा माणूस शेवटी शिकतोच. दिवाळीनंतर त्याला पानं कळायला लागली. मौला कधी खऱ्या जोरावर वाढवतो आणि कधी पोकळ, तेही कळायला लागलं. मौला पोकळ असला की अंगठा पटकन चालायचा. एका आठवड्यात वेणीमाधव सलग चार दिवस जिंकला.

चौथ्या दिवशी रात्री जेवताना त्याच्या डोळ्यांपुढं तोंडाचा तो खाली उतरलेला कोपरा येत होता. टेम्पो गेला, वाचा गेली, गाव गेलं, आणि आता आपण त्याच्या फुकटच्या चिप्सही काढून घेतोय, असं त्याला वाटलं. पाचव्या दिवशी त्याच्याकडे तीन राण्या होत्या. मौलानं वाढवलं. वेणीमाधवनं पानं टाकली.

स्वतःशी त्यानं हिशेब मांडला तो मेंढीकोटचा. भिडूच्या हातावर दश्शी टाकली, त्यात काय बिघडलं? अठ्ठावीस वर्षं हेच करत आलो. हे वरवर पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच खोटं होतं. मेंढीकोटमध्ये दश्शी टाकली की ती भिडूच्या डोळ्यांदेखत पडते, तो मान डोलावतो, दोघं मिळून जिंकतात. इथं तो समोरच्याच्या पाठीमागं, त्याला न सांगता, त्याच्यासाठी ठरवत होता. दवाखान्यात केलं होतं त्याहून हे वेगळं नव्हतं. तिथं मौलाच्या डोक्यावरून सुनेशी बोलला, इथं मौलाच्या डोक्यावरून पत्त्यांशी. पण हे त्याला तेव्हा कळलं नाही. तेव्हा त्याला फार चांगलं वाटत होतं. दया करताना माणसाला जितकं चांगलं वाटतं तितकं दुसऱ्या कशानंच वाटत नाही.

दीड महिना हे चाललं. रोज साडेपाचला चहाचा कप यायचा, रोज वेणीमाधव तीन-चार चांगली पानं गुपचूप टाकायचा, रोज मौला जिंकायचा. मौला हल्ली हरत नाही, पण हसतो का, हे विचारावंसं त्याला वाटलं नाही.

शाळेच्या कचेरीत शिक्क्याची शाई नेहमी वाळलेली. आवक शिक्का एकदा मारला तर उमटत नाही, म्हणून वेणीमाधव तो दोनदा मारतो. एकदा हलका, लगेच दुसरा जोरात. तीस वर्षांत हाताला ते वळणच पडलं होतं. मोबाइलवरसुद्धा तो प्रत्येक बटण दोनदा दाबायचा आणि आजवर त्यानं काही बिघडलं नव्हतं. जानेवारीत अ‍ॅप नवं झालं. आता पानं टाकली, की फोल्डच्या जागीच तीन सेकंद दुसरं बटण उमटायचं, शो. टाकलेली पानं समोरच्याला हौसेनं दाखवायची असली तर. वेणीमाधवनं ते वाचलं नव्हतं.

त्याच दिवशी, पहिल्याच डावात, मध्ये पानं पडली ती अशी: राजा, दोन अठ्ठ्या, तिर्री, सत्ती. वेणीमाधवच्या हातात दोन राजे. म्हणजे तीन राजे आणि दोन अठ्ठ्या, भरलेलं घर. असं पान आल्यावर झोपेतला माणूसही टाकत नाही. मौलानं सगळ्या चिप्स पुढं सरकवल्या. वेणीमाधवनं शिक्का मारावा तसं फोल्ड दाबलं, आणि लगेच पुन्हा दाबलं.

त्याचे दोन्ही राजे टेबलाच्या मधोमध उताणे पडले.

तीन सेकंद ते तसेच होते. वेणीमाधवनं मोबाइल पालथा केला, जणू त्यानं काही झाकलं जाणार होतं. परत सुलटा केला तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मौला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. चहाचा कप आला नाही. पानं वाटली गेली, आणि वाटली जाताक्षणी मौलानं ऑल-इन केलं. वेणीमाधवकडे दुर्री आणि सत्ती. त्यानं टाकली. पुढचा डाव, पानं पडायच्या आतच ऑल-इन. पुढचा, तेच. मौला पानं बघतच नव्हता. बघायची गरजच काय? जिंकवणारा समोर बसलाय, तर पानं कशाला बघायची? वेणीमाधवला पहिल्या पाच मिनिटांत अर्थ कळला आणि तरी तो तासभर तिथंच बसून राहिला. चार दिवस हेच झालं. पाचव्या दिवशी त्यानं झीनतला फोन लावला आणि मान खाली घालून, फोनवर मान कुणाला दिसते, पण खाली घालूनच, सगळं सांगून टाकलं.

झीनतनं सगळं ऐकून घेतलं.

"काका," मग ती म्हणाली, "इथं अब्बांना सगळेच जिंकवतात. हे जिंकवतात, पोरं जिंकवतात, मी बी जिंकवते. त्यांना कळतं. ते खेळून मोबाइल बाजूला ठेवून देतात. फक्त साडेपाच वाजले की स्वतः उठून खुर्चीत बसायचे. शर्ट बदलायचे. आम्ही म्हणायचो, सोलापूरचा डाव खरा हाय. आता शर्ट बदलत नाहीत."

फोन ठेवल्यावर वेणीमाधव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. रुक्मिणी शेंगा भाजत होती. "मी त्याचा अपमान केला," तो म्हणाला. "दोनदा."

"पुणं चार तासांवर आहे," रुक्मिणी म्हणाली. "दोन वर्षं होतील आता. तुम्ही सगळं फोनवरनंच करणार का?"

तरी लगेच गेला नाही. आधी त्यानं चूक दुरुस्त करायचा लिपिकाला सुचेल असा मार्ग काढला. त्या दिवसापासून तो खरा खेळू लागला, आणि प्रत्येक वेळी पानं टाकली की शो दाबू लागला. बघ, दुर्री होती. बघ, खरंच काही नव्हतं. प्रत्येक फोल्डला पुरावा जोडलेला. मौलानं बिनबघता ऑल-इन करणं थांबवलं, हळूहळू पानं बघून खेळू लागला, पण कप काही आला नाही. आणि डावही डाव राहिला नाही. एकाची पानं उघडी आणि एकाची झाकलेली, यात खेळ कसला? नखं दाखवत रांगेत उभ्या असलेल्या पोरासारखं वेणीमाधव रोज आपली पानं दाखवत होता.

शेवटी एका रविवारी सकाळच्या गाडीनं तो गेला. पिशवीत रुक्मिणीनं दिलेली शेंगाचटणी होती. कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर झीनतनं दार उघडलं. मौला खिडकीपाशी खुर्चीत होता. वाळलेला, दाढी पांढरी झालेली, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. त्यानं वेणीमाधवकडे बघितलं. या वेळी वेणीमाधवनं डोळे वळवले नाहीत. वळवायचे नाहीत असं तो गाडीत कुर्डुवाडीपासून स्वतःला बजावत आला होता.

"मौला," तो म्हणाला, "चुकलं माझं. दवाखान्यात पण, आणि त्या दोन राजांचं पण. मला तुझी कीव आली. यायला नको होती."

मौला ऐकत होता. त्यानं डाव्या हातानं बाजूचा मोबाइल उचलला, मांडीवर ठेवला आणि टेबल उघडलं. म्हणजे बोलणं झालं, आता बस. वेणीमाधव समोरच्या स्टुलावर बसला आणि त्यानं आपला मोबाइल काढला. दोन हातांच्या अंतरावर बसलेली दोन माणसं मोबाइलवर एकमेकांशी पत्ते खेळू लागली. झीनतच्या धाकट्या पोरीला त्याचं फार हसू आलं.

आठ-दहा डाव झाले. वेणीमाधवनं दोन जिंकले, तीन हरला, बाकीचे कुणीतरी मध्येच सोडले. मग मौलानं एकदम मोठी रक्कम पुढं केली. वेणीमाधवच्या हातात चौकी आणि नव्वी, मध्ये कशाचा कशाला पत्ता नाही. खरोखर काही नव्हतं. त्यानं फोल्ड दाबलं, आणि सवयीनं अंगठा शोकडे गेला.

मौला खुर्चीतून पुढं वाकला. तोल जातो की काय म्हणून झीनत धावली. पण त्यानं डावा हात लांब करून आपला पंजा वेणीमाधवच्या मोबाइलवर पालथा ठेवला. सगळी काच झाकली. तीन सेकंद संपले आणि आणखीही काही गेले, तरी त्यानं हात उचलला नाही. तो वेणीमाधवच्या तोंडाकडे बघत होता, गोदामात बघायचा तसा, पान ओळखायला.

वेणीमाधवनं त्याला बघू दिलं. माझ्याकडे खरंच काही नव्हतं रे, हे तोंडावर यावं म्हणून त्यानं काय काय केलं असेल. पण पूर्वी जे आपोआप दिसायचं ते आता मुद्दाम दाखवल्यासारखं होत होतं, आणि मुद्दाम दाखवलेल्याला मौला कधीच फसला नव्हता. मौलानं हात काढून घेतला. त्याला काय दिसलं ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. झीनतनं चहा आणला. मौलाचा कप तिनं त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि वेणीमाधवचा त्याच्या हातात दिला. मौला आपला चहा प्यायला. बशीत सांडला तेवढा झीनतनं पुसला.

संध्याकाळच्या गाडीनं वेणीमाधव परतला. त्यानंतर शो तो दाबत नाही. रोज साडेपाचला दोघं बसतात. एक दिवसही मौला चुकलेला नाही, आणि झीनत म्हणते, शर्ट पुन्हा बदलायला लागले आहेत. वेणीमाधव जिंकतो तेव्हा काही अडचण नाही. त्या जिंकण्यात खोट काढायला जागा नाही. पण तो हरतो, पानं टाकतो, तेव्हा ते बटण तीन सेकंद उजळून राहतं. वेणीमाधव अंगठा मुठीत दाबून धरतो. समोर मौलाही पुढचा डाव न मागता थांबलेला असतो, हे त्याला कळतं. मग बटण विझतं आणि चिप्स मौलाकडे सरकतात.

त्या खऱ्या जिंकलेल्या असतात. गेल्या दोन महिन्यांतली मौलाची एक नि एक चिप खरी आहे. पण हे फक्त वेणीमाधवला ठाऊक आहे. सगळं गेल्यावर त्या माणसापाशी एक जिंकणं उरलं होतं, आणि त्यावरचा त्याचा विश्वास वेणीमाधवनं काढून घेतला, तोही प्रेमानं.

चहाचा कप अजून आलेला नाही. वेणीमाधव स्वतः रोज एक पाठवतो. तो मौलाच्या फोटोपुढं थोडा वेळ वाफाळत राहतो, आणि पानं वाटली गेली की अ‍ॅप तो उचलून नेतं.